सही आयर्व्हिंगची, मजकूर कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिक्टोरियन काळातला इंग्लंडचा सर्वांत गाजलेला नट हेन्री आयर्व्हिंग याच्या खासगी पत्रव्यवहारावर आपल्या रविवार पुरवणीत जो सविस्तर लेख आला, तो मी दोनदा वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे, भाषा सुबक आहे, आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका परक्या नटाबद्दल मराठी वाचकाला कुतूहल वाटावे असे त्यात पुष्कळ आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझी तक्रार लेखाच्या गृहीतकाविषयी आहे. रंगमंचावर मुखवटा आणि पत्रात चेहरा, अशी सरळ वाटणी लेखकाने मनाशी धरली आहे, आणि आयर्व्हिंगच्या नावाचे जे पत्र हाती लागेल त्यात तो 'खरा माणूस' शोधत गेला आहे. आयर्व्हिंगच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही, कारण त्याच्या नावाने गेलेल्या पत्रांपैकी फार मोठा भाग त्याने लिहिलेलाच नाही.

हे मी जरा ठासून लिहितो आहे, त्याला माझी नोकरी कारणीभूत आहे. मी चौतीस वर्षे आधी लघुलेखक आणि नंतर स्वीय सहायक म्हणून काढली. साहेब मधल्या दारातून "दोन ओळी टाका" एवढेच म्हणत आणि आत जात. त्या दोन ओळी अभिनंदनाच्या आहेत की सांत्वनाच्या, हे टेबलावरच्या आवक पत्रावरून आपण ओळखायचे. एकदा साहेबांच्या कॉलेजातल्या मित्राच्या मातोश्री गेल्या. मी जेवणाच्या सुट्टीत सहा ओळींचे पत्र टंकून ठेवले आणि साहेबांनी न वाचता त्यावर सही केली. पुढे कित्येक वर्षांनी साहेबांच्या निरोप समारंभात त्या मित्राने पाकिटातून घडी पडलेला कागद काढला आणि तेच पत्र भर सभेत वाचून दाखवले. साहेबांचे डोळे भरून आले, आणि ते रडणे खोटे नव्हते हेही मी शपथेवर सांगेन. मी मागे उभा राहून चहा किती जणांना पुरेल ते मोजत होतो. त्या पत्राच्या स्थळप्रतीवर डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरे होती. मूळ पत्रावर ती नव्हती. उद्या कोणी साहेबांचे चरित्र लिहायला घेतले, तर त्यांच्या हळव्या स्वभावाचा पुरावा म्हणून तो कागद नक्की छापला जाईल.

आता आयर्व्हिंगकडे वळतो. हे नावच मुळात त्याचे नव्हे. जॉन हेन्री ब्रॉड्रिब या नावाने तो ६ फेब्रुवारी १८३८ रोजी सॉमरसेट परगण्यातल्या कीन्टन मँडव्हिल या खेड्यात जन्मला, लहानपणी कॉर्नवॉलमध्ये मावशीकडे वाढला, आणि लंडनला आल्यावर एका पेढीत कारकुनी करू लागला. नाटकात जाणे हे मेथडिस्ट या कडक ख्रिस्ती पंथातल्या त्याच्या धर्मनिष्ठ आईला पाप वाटत असे. १८५६ मध्ये संडरलंडच्या नाटकगृहात तो पहिल्यांदा उभा राहिला तो नवे नाव घेऊनच. पुढची दहा वर्षे त्याने गावोगावच्या कंपन्यांत पडेल ती भूमिका करीत काढली. २५ नोव्हेंबर १८७१ रोजी लंडनच्या लायसियम नाट्यगृहात 'द बेल्स' या नाटकातला मॅथियस, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी केलेला खून मनातून पुसता न येणारा प्रतिष्ठित गृहस्थ, त्याने उभा केला आणि एका रात्रीत तो लंडनचा झाला. १८७८ मध्ये लायसियमचा कारभारच त्याने हाती घेतला. १८९५ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. इंग्लंडात नटाला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. या सगळ्या गोष्टी आपल्या लेखात आहेत. त्यात नाही ती लायसियमची कचेरी.

कचेरी म्हटले की ब्रॅम स्टोकरचे नाव आलेच. आज जग त्याला 'ड्रॅक्युला'चा लेखक म्हणून ओळखते, पण १८७८ पासून १९०५ मध्ये आयर्व्हिंगचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, तो आयर्व्हिंगचा व्यवस्थापक होता आणि त्याची कादंबरी त्या नोकरीतून उरलेल्या वेळात लिहिलेली आहे. डब्लिनमधली सरकारी नोकरी सोडून तो लायसियमवर आला तेव्हा तिथल्या पत्रांचे ढीग त्याच्या वाट्याला आले. मोठ्या नाटकाच्या वेळी या नाट्यगृहाच्या पगारपत्रकावर सहाशेहून अधिक माणसे असत: नट, जमावातली माणसे, सुतार, रंगारी, गॅसवाले, वादक, शिंपी. त्यांचे अर्ज, रजा, उसनवारी. नाटककारांनी पाठवलेली बाडे आणि ती परत का आली याच्या चौकशा. फुकट तिकिटांसाठी आर्जवे. सहीची मागणी करणारे हौशी लोक. रंगमंचामागच्या बीफस्टेक रूम नावाच्या जुन्या दालनात प्रयोगानंतर रात्री जे जेवण होई त्याची निमंत्रणे आणि उत्तरे. लंडनच्या मध्यभागात त्या काळी टपालवाटप दिवसातून दहा-बारा वेळा होत असे, तेव्हा सकाळी धाडलेल्या निमंत्रणाचे उत्तर दुपारी येई आणि संध्याकाळी त्या उत्तराला पुन्हा उत्तर द्यावे लागे. आजच्या मोबाइलवरच्या संदेशांइतकीच ही चिठ्ठ्यांची ये-जा घाईची आणि बरीचशी क्षुल्लक होती.

स्टोकरने या पत्रांचा स्वतःचा हिशेब मांडून ठेवला आहे. रोज सरासरी पन्नास पत्रे, आणि एकूण आयर्व्हिंगसाठी लिहिलेली सुमारे पाच लाख. मी लघुलेखकाच्या सवयीने हा आकडा ताडून पाहिला. पन्नास गुणिले तीनशे पासष्ट गुणिले सत्तावीस, म्हणजे ४,९२,७५०. स्टोकरने एकही रविवार, एकही आजारपण, अमेरिकेच्या वाटेवरचा एकही बोटीतला दिवस वगळलेला नाही, हे उघड आहे. पण कारकून आपल्या कामाचा आकडा फुगवतो तो किती फुगवतो याचा मला अनुभव आहे, आणि निम्मा धरला तरी तो अडीच लाखांच्या घरात जातो. यातली कित्येक पत्रे त्याने आपल्या सहीने, 'मि. आयर्व्हिंग यांच्या सांगण्यावरून' अशी लिहिली. पण ज्या माणसाला दिवसभर तालीम, रात्री प्रयोग आणि मध्यरात्री पाहुणे असत, त्याच्या स्वतःच्या सहीच्या पत्रांतही शब्द कोणाचे, हा प्रश्न प्रत्येक पत्रापाशी थांबून विचारावाच लागतो.

आणि स्टोकर एकटाच नव्हता. लुई फ्रेडरिक ऑस्टिन नावाचा पत्रकार आयर्व्हिंगचा चिटणीस होता. आयर्व्हिंगच्या जाहीर भाषणांच्या मागे त्याची लेखणी असे. स्टोकरशी त्याचे पटत नसे. व्यवस्थापक आणि चिटणीस यांच्यातली ही चुरस मला चांगली ओळखीची आहे. साहेबाच्या तोंडी आपले वाक्य जावे यासाठी कचेरीत जेवढी धडपड होते, तेवढी बढतीसाठीही होत नाही. ही दोन माणसे एकाच धन्याच्या आवाजात लिहीत होती आणि दोघांनाही तो आवाज चांगला साधला होता. आयर्व्हिंगला मात्र दोघांपैकी कोणाच्याही शब्दांवर आपले नाव घालताना संकोच वाटल्याचे दिसत नाही. नटाला दुसऱ्याने लिहिलेले शब्द बोलण्याचा संकोच कशाला वाटेल?

आपल्या लेखात बर्नार्ड शॉ आणि आयर्व्हिंग यांच्या चकमकीवर अर्धा रकाना खर्च केला आहे, आणि १८९७ मध्ये आयर्व्हिंगच्या नावाने शॉला गेलेल्या झोंबणाऱ्या उत्तरावरून आयर्व्हिंगचा स्वभाव 'अचानक उघडा पडला' असे म्हटले आहे. प्रकरण थोडक्यात असे. शॉ तेव्हा 'सॅटर्डे रिव्ह्यू' या साप्ताहिकाचा नाट्यसमीक्षक होता आणि लायसियमवर तुटून पडत असे. त्याच वेळी त्याने 'द मॅन ऑफ डेस्टिनी' ही नेपोलियनवरची एकांकिका आयर्व्हिंग आणि लायसियमची नायिका एलन टेरी यांच्यासाठी म्हणून पुढे केली होती. १९ डिसेंबर १८९६ रोजी आयर्व्हिंगने 'रिचर्ड द थर्ड' नव्याने लावले. त्याच रात्री प्रयोगानंतर तो जिन्यावर घसरला, गुडघा दुखावला, आणि ऐन हंगामात लायसियमचा मोठा तोटा झाला. शॉचे परीक्षण असे उतरले होते की आयर्व्हिंग शुद्धीवर नव्हता असा अर्थ त्यातून काढता यावा. एकांकिका परत गेली आणि मग पत्रे झडली. त्या उत्तरातली वाक्ये इतकी घोटीव आणि टाळीची आहेत की ती एखाद्या सराईत लेखकाच्या हातून उतरलेली वाटतात. एकदा वाचून मला तरी त्यात संतापलेला नट दिसला नाही; ज्याला धन्याच्या संतापाला चांगले कपडे चढवता येतात असा माणूस दिसला. माझे हे वाचन चुकीचे असेल. पण ते पत्र पुढे ठेवून आयर्व्हिंगच्या अंतःकरणाविषयी निवाडा देण्याआधी लेखकाने मसुदा कोणाच्या हातचा, ही चौकशी तरी करायला हवी होती.

मग त्याचे असे स्वतःचे काहीच उरत नाही काय? उरते, आणि ते फार थोडे पण फार बोलके आहे. १८७६ च्या अखेरीस आयर्व्हिंग डब्लिनमध्ये 'हॅम्लेट' करीत असताना स्टोकरने त्यावर मनापासून लिहिले, म्हणून आयर्व्हिंगने त्याला जेवायला बोलावले. जेवणानंतर त्याने टॉमस हूडची यूजीन ॲरम या खुन्यावरची कविता म्हणून दाखवली. कविता संपली तेव्हा आयर्व्हिंग गळून खाली बसला, आणि अंगाने चांगला दांडगा असलेला, विद्यापीठात खेळाडू म्हणून नाव काढलेला स्टोकर अनावर होऊन ओक्साबोक्शी रडला. आयर्व्हिंग उठून आतल्या खोलीत गेला आणि आपले एक छायाचित्र घेऊन आला. त्यावर त्याने लिहिले होते आणि शाई अजून ओली होती: प्रिय मित्र स्टोकर, देव तुझे भले करो, देव तुझे भले करो, सही, डब्लिन, ३ डिसेंबर १८७६. पहिल्या आशीर्वादापुढे एक उद्गारचिन्ह आणि दुसऱ्यापुढे दोन. मसुदा नाही, चिटणीस नाही, शब्दयोजना म्हणावी तर तीही नाही. एकच वाक्य दोनदा. ज्याच्या आयुष्याची पुढची सत्तावीस वर्षे या ओळीने ठरली, तोच माणूस नंतर त्याची पत्रे लिहीत बसला, हा योगायोग लेखकाच्या हातून निसटला याचे मला वाईट वाटले.

लेखाचा मध्यभाग एलन टेरीने व्यापला आहे आणि तो तसा व्यापावा हे साहजिक आहे. ३० डिसेंबर १८७८ रोजी ती आयर्व्हिंगच्या हॅम्लेटसमोर ओफेलिया म्हणून उभी राहिली आणि १९०२ पर्यंत लायसियमची नायिका राहिली. या दोघांत काय होते हा प्रश्न त्यांच्या हयातीतही कुजबुजला जाई. लेखकाने त्याचे उत्तर पत्रांतून मिळते असा सूर लावला आहे, परंतु आयर्व्हिंगने तिला लिहिलेली पत्रे फारच थोडी उरली आहेत, आणि जी उरली ती उरावीत असे कोणाला तरी वाटले म्हणून उरली. वाचलेल्या चार-दोन पत्रांवरून हरवलेल्या शेकडो पत्रांचा मजकूर ठरवणे म्हणजे पावत्यांच्या पुस्तकातल्या दोन स्थळप्रती पाहून वर्षाचा जमाखर्च लिहिण्यासारखे आहे.

ही उणीव भरून काढायला लेखकाने एलन टेरी आणि शॉ यांच्या पत्रव्यवहाराचा आधार घेतला आहे, आणि इथे माझा खरा आक्षेप आहे. तो पत्रव्यवहार सुरू झाला तो १८९२ मध्ये, एका तरुण गायिकेविषयी तिने एका संपादकाला लिहिलेले पत्र संगीत-समीक्षक शॉकडे आले म्हणून. खरी भरती आली १८९५ नंतर. दोघेही लंडनमध्ये, तो तिला प्रेक्षागृहातून पाहत असे, ती त्याला पडद्याच्या भोकातून. आणि तरी समोरासमोर बोलणे शतक संपत येईपर्यंत त्यांनी जवळजवळ टाळलेच. पत्रे अप्रतिम आहेत, त्याबद्दल दुमत नाही. टेरी तुटक वाक्यांत, शब्दाशब्दाखाली रेघा ओढीत, मध्येच खरेदीची आठवण करीत लिहिते. शॉ प्रत्येक पत्र जणू पुढे छापले जाणार आहे अशा बेताने लिहितो. पण या दोघांच्या पत्रांत आयर्व्हिंग हा तिसरा माणूस आहे. तिथे त्याच्याविषयी बोलले जाते, तो स्वतः बोलत नाही. त्यातून एका पत्रलेखकाला आयर्व्हिंगच्या ताब्यातली नटी आपल्या नाटकांकडे ओढून न्यायची होती आणि दुसरीला दोघांनाही दुखवायचे नव्हते. ज्या खटल्यात वादी आणि साक्षीदार एकमेकांना रोज पत्रे लिहीत आहेत आणि प्रतिवादीला समन्सही गेलेले नाही, त्या खटल्याचा निकाल आपण किती मानावा?

ती पत्रे १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा टेरीच्या मुलांमध्येच फूट पडली. मुलगी ईडिथ छापण्याच्या बाजूची. मुलगा, प्रख्यात नेपथ्यकार एडवर्ड गॉर्डन क्रेग, त्यावर इतका चिडला की त्याच वर्षी त्याने आईवर स्वतःचे पुस्तक काढून शॉला त्यात झोडपले. क्रेगचे शिक्षण लायसियममध्ये, आयर्व्हिंगच्या हाताखाली झालेले. त्याच्या रागात आईइतकाच आयर्व्हिंगही होता. शॉचे आणि आयर्व्हिंगचे वैर तर आयर्व्हिंगच्या मरणानेही संपले नव्हते. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीचे प्रवेशपत्र शॉला पाठवण्यात आले, ते त्याने परत केले, आणि आपण तिथे आलो तर आयर्व्हिंग शवपेटीत कूस बदलील, जसा आयर्व्हिंग येताच शेक्सपिअर बदलील, अशा अर्थाचा शेरा सोबत लिहिला. अशा माणसाच्या पत्रव्यवहारातून आयर्व्हिंगचे खासगी चित्र जसेच्या तसे उचलणे हे धाडसाचे आहे.

बायकोबद्दल लेखकाने जे लिहिले आहे त्यातही हीच घाई दिसते. 'द बेल्स'च्या पहिल्या रात्री घरी परतताना फ्लॉरेन्सने गाडीत त्याला "असा स्वतःचा तमाशा जन्मभर करीत राहणार आहेस का?" या आशयाचे काहीतरी विचारले, त्याने हाइड पार्क कॉर्नरपाशी गाडी थांबवली, उतरला, आणि पुन्हा तिच्याशी कधी बोलला नाही, ही हकिकत कोणत्याही पत्रातली नाही. ती आयर्व्हिंगच्या नातवाने, लॉरेन्स आयर्व्हिंगने १९५१ साली लिहिलेल्या चरित्रामुळे सर्वतोमुखी झाली, म्हणजे घटनेनंतर ऐंशी वर्षांनी. घराण्यात चालत आलेली गोष्ट खोटीच असते असे मी म्हणत नाही. फक्त 'पत्रांवरून दिसते' या वाक्याखाली ती घालू नये. तिच्या पोटी तेव्हा दुसरा मुलगा होता. तो महिन्याभराने जन्मला. नंतर दोन्ही मुले आईच्या तालमीत बापाला 'पुराणवस्तू' म्हणून हिणवीत वाढली आणि अखेर दोघेही नट झाले. आयर्व्हिंगने पत्नीला घटस्फोट दिला नाही, आणि पहिल्या प्रयोगांना तिच्यासाठी बॉक्स राखून ठेवत राहिला. वर्षानुवर्षे ती त्या बॉक्समध्ये येऊन बसली. मला या बॉक्सच्या तिकिटात जेवढे दिसते तेवढे एखाद्या लांबलचक पत्रात दिसले नसते. मृत्युपत्रात मात्र त्याने आपल्या मालमत्तेचे तीन भाग केले: दोन मुलांना आणि तिसरा उतारवयातली मैत्रीण, पत्रकार मिसेस एरिया हिला. पत्नीचे नाव नाही, टेरीचेही नाही. हा दस्तऐवज त्याच्या इच्छेचा आहे यात शंका नाही, आणि तो लेखात एका ओळीत उरकला आहे.

खरे धन कुठे आहे ते आता सांगतो. ते आयर्व्हिंगच्या जावक पत्रांत नसून आवक पत्रांत आहे. एकच उदाहरण देतो. १ नोव्हेंबर १८७९ रोजी आयर्व्हिंगने 'द मर्चंट ऑफ व्हेनिस' लावले आणि ते अडीचशे प्रयोग चालले. त्याचा शायलॉक, म्हणजे नाटकातला ज्यू सावकार, सन्मान असलेला, दुखावलेला, शेवटी न्यायालयातून बाहेर पडताना प्रेक्षकांना आपल्याकडे ओढून नेणारा होता. ऑक्सफर्डचा एक गणिताचा प्राध्यापक प्रयोग पाहून गेला आणि १८८० मध्ये त्याने एलन टेरीला लिहिले, की शायलॉकला ख्रिस्ती व्हायला लावणारी ती एक ओळ गाळता येणार नाही काय, ही सूचना आपण मि. आयर्व्हिंग यांच्या कानावर घालावी. हा प्राध्यापक म्हणजे 'ॲलिस इन वंडरलँड'चा लेखक लुईस कॅरल. त्या काळचा एक धर्मनिष्ठ ख्रिस्ती माणूस शेक्सपिअरमधली सक्तीच्या धर्मांतराची ओळ कानाला सहन होत नाही असे म्हणतो, ते म्हणायला थेट आयर्व्हिंगकडे न जाता नायिकेला मध्ये घालतो, आणि हे सारे एका साध्या टपालाच्या पाकिटातून येते. आयर्व्हिंगने शायलॉक कसा केला यावर परीक्षणे ढीगभर आहेत. तो प्रेक्षकाच्या मनात काय करून गेला हे या पत्रात आहे. तसेच सर पदवीचे. १८८३ मध्येच ग्लॅडस्टन सरकारकडून हा मान देण्याची चाचपणी झाली होती, तीही सरन्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांच्या मार्फत, आणि तेव्हा आयर्व्हिंगने नको म्हटले. पंतप्रधान नटाला सरळ विचारू शकत नाही, मध्ये सरन्यायाधीश लागतो, यातून नटाची समाजातली पायरी जेवढी कळते तेवढी कोणत्याही भाषणातून कळत नाही. बारा वर्षांनी तीच पदवी त्याने घेतली.

अशी आवक पत्रे, स्टोकरच्या टाचणांसकट, आज विखुरलेली आहेत. काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात, काही लीड्स विद्यापीठाच्या ब्रदरटन ग्रंथालयात, काही स्ट्रॅटफर्डला, काही अटलांटिकपलीकडे अमेरिकेतल्या फोल्जर ग्रंथालयात आणि हार्वर्ड विद्यापीठात. आयर्व्हिंग १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्डला टेनिसनच्या 'बेकेट'चा प्रयोग आटोपून हॉटेलात परतला आणि प्रवेशदालनातच कोसळला. दोन महिन्यांनी क्रिस्टीजने त्याच्या वस्तूंचा लिलाव केला. जिथे तलवारी, चित्रे आणि अंगरखे वेगवेगळ्या दिशांना गेले, तिथे कागद एकत्र राहतील अशी अपेक्षा करता येत नाही.

त्यात कायद्याची गाठ आहे. कवी अलेक्झांडर पोपने कर्ल नावाच्या पुस्तकविक्रेत्यावर लावलेल्या खटल्यात १७४१ मध्ये लॉर्ड हार्डविकने निर्णय दिला, तो इंग्लंडात आजही चालतो: पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण शब्द लिहिणाऱ्याचे. म्हणून संग्रहालयाकडे पत्र असले तरी ते छापायचा हक्क वारसांकडे असतो. पुढे १९८८ च्या इंग्लिश कायद्याने जुन्या अप्रकाशित लेखनाला जे संरक्षण दिले, त्यामुळे १९०५ मध्ये वारलेल्या आयर्व्हिंगचे एखादे पत्र १९८९ पर्यंत छापले गेले नसेल, तर त्याचा हक्क २०३९ अखेरपर्यंत जिवंत आहे. स्टोकरने लिहून आयर्व्हिंगने सही केलेल्या पत्रातले शब्द कोणाच्या वारसांचे, हा प्रश्न वकिलांना महिनाभर पुरेल. मला तो सोडवायचा नाही. पण परिणाम असा झाला आहे, की लेखक मंडळी पूर्वी छापलेल्या त्याच त्या पंचवीस-तीस पत्रांभोवती फिरत राहतात, आणि तीच पत्रे निवडली गेली होती मुळात चटकदार म्हणून. एलन टेरीच्या बाबतीत ही कोंडी फुटली आहे. २०१० पासून तिच्या पत्रांचे खंड संपादित होऊन आले, त्यात गवळ्याच्या बिलापासून सगळे आहे, आणि शॉच्या पत्रांतून दिसणाऱ्या लाघवी बाईपेक्षा कितीतरी कामसू, हिशेबी, मुलांच्या पैशांची काळजी करणारी बाई त्यांत दिसते.

पुरवणीतल्या चौकटीत म्हटल्याप्रमाणे लेखाचा दुसरा भाग पुढच्या रविवारी येणार आहे आणि त्यात आयर्व्हिंगच्या अखेरच्या वर्षांतली पत्रे द्यायची आहेत. माझी विनंती अगदी लहान आहे. प्रत्येक उताऱ्याखाली बारीक टायपात एक ओळ घालावी: पत्र कोणाच्या हस्ताक्षरात आहे, मूळ प्रत आहे की नक्कल, आणि ते सध्या कोठे ठेवलेले आहे. ज्या पत्राबद्दल एवढे सांगता येत नसेल, त्यावरून आयर्व्हिंगच्या मनाविषयी विधान करू नये. या ओळींसाठी पानावर जागा कमी पडत असेल, तर माझ्या या पत्रातला कोणताही परिच्छेद खुशाल गाळावा. माझे शब्द कापले गेल्याचे मला आजवर कधी वाईट वाटलेले नाही. पण या वेळी, कृपा करून, खाली सही माझीच ठेवावी.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक